नदीकाठचा मुक्काम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त राइट टाउन, जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानासाठी आपण माझी योजना केलीत, याबद्दल प्रथम कार्यकारिणीचे आभार मानतो. मी इतिहाससंशोधक नव्हे, की साहित्यिकही नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो, ती आज तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. या सेवेने मला एका विषयाचा अनुभव मात्र भरपूर दिला आहे, आणि तो म्हणजे दुसऱ्याच्या छपराखाली राहण्याचा. विश्रामगृह, निरीक्षण बंगला, सर्किट हाउस, धर्मशाळा, लॉज अशा नाना नावांच्या वास्तूंत माझ्या आयुष्याच्या कितीतरी रात्री गेल्या. तेव्हा मुक्कामाच्या जागेविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार मला असावा, असे मी समजतो.

आजचा विषय निवडण्यास एक व्यावहारिक कारणही घडले आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून मंडळाने नर्मदाकाठी एक यात्रीनिवास बांधावा, अशी सूचना काही सभासदांनी मांडली आहे. महाराष्ट्रातून परिक्रमेसाठी येणारे पुष्कळ आहेत, भेडाघाट पाहण्यास येणारे नातेवाईक आहेत, अस्थिविसर्जनासाठी येणारी दुःखी कुटुंबे आहेत. त्यांना आपल्या भाषेत विचारपूस करणारे एखादे ठिकाण असावे, हा हेतू उत्तमच आहे. परंतु वास्तू बांधण्यापूर्वी तिच्या शेजाऱ्यांची माहिती करून घ्यावी, असे मला वाटते. म्हणून भेडाघाटच्या टेकडीवरील जुना बंगला आणि त्याच्या भोवती नदीकाठी वसलेल्या लहान लहान वस्त्या यांविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

आपल्या भाषेत मुक्कामाच्या जागांना शब्द कितीतरी आहेत, आणि प्रत्येक शब्दामागे पाहुण्याचे शेजाऱ्याशी असलेले निराळे नाते आहे. मठात उतरणारा तेथील नियमाने बांधला जातो. धर्मशाळेत उतरणारा कोणाच्या तरी पुण्यसंकल्पाचा ऋणी असतो. सराईत उतरणाऱ्याचे नाते व्यापाराशी, डाक बंगल्यात उतरणाऱ्याचे नाते सरकारशी. लॉजमध्ये उतरणारा मात्र पैसे मोजतो, नोंदवहीत नाव लिहितो आणि सकाळी किल्ली परत करून निघून जातो. त्याने कोणाला ओळखलेच पाहिजे असे नाही, आणि त्याला कोणी ओळखावे अशी त्याचीही अपेक्षा नसते. भेडाघाटच्या परिसरात यांपैकी बहुतेक प्रकार होऊन गेले आहेत. त्यामुळे या एकाच ठिकाणी मुक्कामाचा सारा इतिहास पाहावयास मिळतो.

त्याचा आरंभ निदान इसवी सन ११५५ पर्यंत मागे जातो. आपणांपैकी पुष्कळांनी भेडाघाटचे चौसष्ट योगिनी मंदिर पाहिले असेल. दहाव्या शतकात, कलचुरी राजांच्या काळात ते उभे राहिले. वर्तुळाकार प्राकारात ओळीने बसविलेल्या योगिनींच्या मूर्ती आणि मध्ये गौरीशंकराचे देऊळ, अशी त्याची रचना आहे. कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर गाव, येथून अगदी जवळ. याच भेडाघाटात कलचुरी संवत ९०७ चा, म्हणजे ११५५ सालचा, एक शिलालेख सापडला. तो गयाकर्ण राजाची राणी अल्हणदेवी हिचा आहे. तिने येथे वैद्यनाथ नावाने शिवाचे देऊळ बांधले. पण केवळ देऊळ बांधून ती थांबली नाही. देवळाबरोबर तिने एक मठ बांधला, एक व्याख्यानशाला बांधली, उद्याने लावली आणि या सर्वांच्या खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न तोडून दिले. व्यवस्था एका पाशुपत आचार्याकडे सोपविली.

आपल्यासारख्या मंडळींनी या शिलालेखातील एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. अल्हणदेवी या प्रदेशातील नव्हती. ती मेवाडच्या गुहिल घराण्यातील राजा विजयसिंह याची कन्या, आणि तिची आई माळव्याच्या परमार उदयादित्याची मुलगी. लग्न होऊन ती नर्मदाकाठी आली. माहेरापासून शेकडो कोस दूर आलेल्या स्त्रीने येथे वाटसरूंसाठी आणि अभ्यासकांसाठी निवारा उभा केला, आणि तो टिकावा म्हणून त्याच्या मागे उत्पन्नाची तजवीज केली. परप्रांतातून आलेल्या माणसाने नव्या भूमीचे ऋण कसे फेडावे, याचा यापेक्षा जुना दाखला या परिसरात मला ठाऊक नाही.

या शिलालेखाशी आपला आणखी एक धागा जुळतो. कलचुरींच्या शिलालेखांचा आणि ताम्रपटांचा साक्षेपी संग्रह ज्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हे आपल्या नागपूरचे. जबलपूरच्या भूमीचा प्राचीन इतिहास एका मराठी पंडिताच्या परिश्रमाने उजेडात आला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. खुद्द तो दगड मात्र येथे राहिला नाही. सागर-नर्मदा प्रदेशात शिक्षणखात्याचे निरीक्षक असलेले फिट्झ-एडवर्ड हॉल हे अमेरिकन संस्कृतज्ञ होते. त्यांच्यामार्फत एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेतील न्यू हेवन येथे तेथल्या ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेला. माणसे दूरदेशी जातात हे आपण अनुभवाने जाणतो, दगडही जातात.

मठ मोडला, राज्ये बदलली, तरी नदीकाठी येणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. कार्तिकी पौर्णिमेला भेडाघाटात जत्रा भरते. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेले विल्यम स्लीमन १८३५ च्या नोव्हेंबरात हिमालयाकडे निघण्यापूर्वी येथे आले होते, आणि १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासग्रंथाचा आरंभच या जत्रेच्या वर्णनाने झाला आहे. त्या वेळी साहेबांचा मुक्काम तंबूत असे.

पुढे रेल्वे आली. अलाहाबादहून जबलपूरपर्यंतचा मार्ग १८६७ मध्ये खुला झाला, आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून येणारा मार्ग जबलपुरास त्याला मिळाला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने प्रथमच जोडली गेली, ती आपल्या या गावात. साहजिकच दोन्हीकडचे प्रवासी येथे उतरू लागले आणि संगमरवरी खडक हे त्यांचे आवडते प्रेक्षणीय स्थळ ठरले. कॅप्टन फोरसिथ यांनी मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावर लिहिलेले १८७१ चे पुस्तक या स्थळाची कीर्ती दूरवर घेऊन गेले. खडकांच्या वरच्या टेकाडावर प्रवाशांसाठी बंगला उभा राहिला. खाली शुभ्र कड्यांच्या मधून वाहणारे गडद पाणी, वर उंच छताचा, रुंद व्हरांड्याचा बंगला आणि भोवती बाग. साहेबाला हवे असलेले सारे तेथे होते.

डाक बंगला ही संस्था आपल्यापैकी सरकारी नोकरीतल्या मंडळींना नवी नाही. एक चौकीदार, एक खानसामा, भिंतीवर टांगलेली दरांची आणि नियमांची पाटी, आणि येणाऱ्याने अभिप्राय लिहावयाची नोंदवही. बंगला रिकामा असला तरी चालतो, पण झाडलेला असला पाहिजे. येणारा कोण हे त्याच्या हुद्द्यावरून ठरते, आणि शेजारच्या गावाला त्या व्हरांड्यात पाऊल ठेवण्याचे कारण सहसा पडत नाही. पडलेच तर पाणी भरण्यापुरते, कोंबडी विकण्यापुरते किंवा होडी ठरविण्यापुरते. स्वातंत्र्यानंतर हा बंगला पुढे राज्याच्या पर्यटन विकास निगमाकडे आला आणि साहेबाच्या जागी सहकुटुंब पर्यटक उतरू लागले. ही सुधारणाच म्हणावयाची. परंतु बंगल्याची बैठक जी टेकाडावर होती, ती टेकाडावरच राहिली.

आता आपण टेकाड उतरून खाली घाटावर जाऊ.

पंचवटी घाटावर पहिली भेट होते ती नावाड्यांची. केवट, ढीमर, मांझी, बर्मन अशा नावांनी हा समाज नर्मदेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला आहे. रामाचे पाय धुतल्याशिवाय ज्याने त्याला होडीत घेतले नाही त्या केवटाचे आपण वंशज, असे ते अभिमानाने सांगतात. भेडाघाटच्या नावाड्याची ख्याती त्याच्या वल्ह्याइतकीच त्याच्या जिभेवर आहे. होडी कड्यांच्या मधून जाऊ लागली की त्याचे यमकबद्ध समालोचन सुरू होते. कुठे ‘बंदरकूदनी’, म्हणजे जेथे दोन्ही कडे इतके जवळ येतात की वानर उडी मारून पलीकडे जात असे म्हणतात. कुठे ‘भूलभुलैया’, जेथे पुढे वाट आहे की नाही हेच कळत नाही. कुठे खडकात दिसणारा हत्तीचा पाय, तर कुठे एखाद्या चित्रपटाच्या चित्रीकरणाची जागा. राज कपूर यांच्या १९६० च्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या चित्रपटाने या कड्यांना घरोघरी पोहोचविले. नाव मात्र गंगेचे झाले, ही नर्मदाभक्तांची गोड तक्रार आजही ऐकू येते.

या समालोचनामागे जी विद्या आहे ती सहसा कोणी विचारीत नाही. पाण्याचा रंग पाहून खोली ओळखणे, वरच्या धरणातून पाणी सुटले की प्रवाहाचा स्वभाव कसा बदलतो ते जाणणे, कड्यांवरच्या आग्यामोहोळांना धूर किंवा गलबला खपत नाही हे ध्यानात ठेवणे, या सगळ्यावर होडीतील माणसांचे प्राण अवलंबून असतात. रेल्वेच्या पाहणीसाठी येथे आलेल्या बॉडिंग्टन नावाच्या इंग्रज इंजिनिअरवर याच मधमाश्यांनी हल्ला केला, आणि त्यांच्यापासून सुटण्यासाठी पाण्यात उडी घेतलेला तो गृहस्थ बुडून मरण पावला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. नदीची माहिती टेकाडावरून मिळत नाही, ती घाटावरच मिळते, एवढाच बोध मी त्यातून घेतो.

नावाड्याचे वर्ष आपल्या वर्षासारखे बारा महिन्यांचे नसते. पावसाळ्यात नदी चढते आणि होड्या घाटावर ओढून ठेवाव्या लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा नौकाविहार सुरू होतो. मधल्या महिन्यांत मिळकत कशी होते, असे मी एकदा एका वयस्क नावाड्यास विचारले. त्याने सांगितले, की कोणी शहरात मजुरीला येतो, कोणी रिक्षा चालवितो, कोणी जाळे घेऊन बसतो. ज्यांच्याकडे नदीतील वाळूचा पट्टा असे ते हिवाळ्या-उन्हाळ्यात त्यावर काकडी, टरबूज, खरबूज लावीत. पण धरणाचे पाणी अवेळी सुटले की वाळूतले असे मळे भिजून जातात, आणि त्यांचा भरवसा पूर्वीसारखा राहिला नाही.

घाटावरून धुआंधार धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर दुसरी वस्ती लागते ती दगड घडविणाऱ्यांची. येथील डोलोमाइट जातीच्या संगमरवराबरोबर मऊ शिरगोळ्याचा दगडही मिळतो, आणि त्यावर छिन्नी व कानस सहज चालते. शिवलिंग, नंदी, गणपती, दिवे, डब्या, पेपरवेट असा माल रस्त्याच्या दोन्ही बाजूंस मांडलेला आपण पाहतो. आपल्या दिवाणखान्यांतही त्यातील एखादी वस्तू असेलच. घरातील पुरुष दगड कापतात, बायका आणि मुले घासून झिलई देतात, आणि दुकानही घरातीलच कोणी सांभाळते. दगडाची भुकटी दिवसभर श्वासातून जाते, त्याचा त्रास पुढे छातीला होतो. या कलेस २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची वार्ता आहे. पण मानांकनाचा कागद आणि कारागिराची थाळी यांच्यामध्ये बरेच अंतर असते. ते अंतर घासाघीस न करता माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाने थोडे तरी कमी होते.

तिसरी वस्ती ठिकठिकाणी विखुरलेली आहे: ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट. ग्वारीघाटावर संध्याकाळी पानांच्या द्रोणांत दिवे लावून पाण्यात सोडणारे यात्रेकरू, फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, पंडे, न्हावी, आणि दोरीला चुंबक बांधून तळाशी पडलेली नाणी वर काढणारी पोरे, असे एक संपूर्ण जग नदीवर जगते. माघ शुद्ध सप्तमीच्या नर्मदा जयंतीला तर तेथे तीळ ठेवण्यास जागा नसते. तिलवाराघाटच्या परिसरात १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन भरले होते, सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली. आणि १९४८ मध्ये महात्माजींच्या रक्षेचे विसर्जनही तेथे झाले. लम्हेटाघाटाचे नाव भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत जगभर गेले आहे. तेथील थरांना ‘लम्हेटा’ हेच नाव आहे. १८२८ मध्ये स्लीमन यांना जबलपुरातच जे जीवाश्म मिळाले ते पुढे डायनोसॉरचे ठरले, आणि त्यांवरून १८७७ मध्ये लिडेकर यांनी टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले.

ग्वारीघाटाशी आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी निराळ्या कारणानेही जडल्या आहेत. गोंदियाकडून सातपुड्याच्या रानांतून येणारी अरुंद मार्गाची छोटी गाडी ग्वारीघाट स्थानकावरून जबलपुरात शिरत असे. विदर्भातून येणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी नर्मदेचे पहिले दर्शन त्या गाडीच्या खिडकीतून घेतले आणि पुलावरून पैसा टाकून हात जोडले. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली. आता त्याच मार्गावर मोठी गाडी धावते आणि नागपूर पूर्वीपेक्षा जवळ आले आहे.

यानंतर ज्या वस्त्यांविषयी सांगावयाचे त्या नदीच्या वरच्या अंगाला आहेत, किंवा होत्या असे म्हणणे अधिक योग्य. जबलपूरच्या वर बरगी येथे नर्मदेवर जे मोठे धरण झाले, त्याचे काम १९७४ च्या सुमारास सुरू झाले आणि १९९० मध्ये जलाशय भरला. राणी अवंतीबाई लोधी सागर हे त्याचे नाव. जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे त्याच्या बाधेत आली. त्यांत गोंड आदिवासींची गावे पुष्कळ होती. ज्या पाण्यावर आपल्या घरातील नळ आणि शेजारच्या तालुक्यांतील कालवे चालतात, त्या पाण्याखाली त्यांची शेते गेली. कित्येक कुटुंबे जबलपुरात आली आणि येथे रिक्षा ओढू लागली, बांधकामावर विटा वाहू लागली. राइट टाउन, नेपियर टाउनमधील इमारती ज्यांनी रचल्या, त्यांत हेही हात आहेत.

जे जलाशयाच्या काठीच राहिले त्यांनी नांगर ठेवून जाळे हाती घेतले. त्यांनी सहकारी संस्था काढल्या, आंदोलन केले, आणि १९९४ मध्ये या संस्थांच्या संघाला जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क मिळाला. विस्थापितांनीच धरणाच्या पाण्यावर आपली उपजीविका उभी करावी, असा हा दुर्मीळ प्रयोग होता. पुढे काही वर्षांनी तो हक्क पुन्हा सरकारी महासंघाकडे गेला. मी सरकारी नोकर आहे. निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा या व्यासपीठावर करणार नाही. परंतु त्याच जलाशयाच्या काठी आज पर्यटकांसाठी सुंदर निवासस्थान आहे, आणि तेथील गच्चीवरून जे अथांग पाणी दिसते त्याच्या तळाशी माणसांची अंगणे आहेत, एवढे प्रत्येक पाहुण्याला ठाऊक असावे, असे मला वाटते. ज्याला हे ठाऊक आहे तो त्या गच्चीवर बसणार नाही असे नव्हे, पण तो निराळ्या रीतीने बसेल.

आणि इतके लांब जाण्याचीही गरज नाही. हे जबलपूर बावन्न तळ्यांचे गाव म्हणून ओळखले जाई. आपण बसलो आहोत त्या राइट टाउनच्या शेजारी राणीताल आहे. ते राणी दुर्गावतीने बांधले अशी परंपरा आहे. तिच्या दासीच्या नावाने चेरीताल आणि दिवाण आधारसिंह याच्या नावाने आधारताल. राणी १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली, तळी मागे राहिली. त्या तळ्यांत शिंगाडे लावणारे आणि मासे धरणारे ढीमर काठाकाठाने राहत. तळी बुजली, त्यांवर वसाहती उठल्या, आणि पुष्कळ ठिकाणी आता केवळ नावात ताल उरला आहे. पाण्याबरोबर पाण्यावरची माणसेही उठून गेली, आणि ती कोठे गेली याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

बंधुभगिनींनो, आता आपल्याविषयी बोलतो. या भूमीत मराठी माणूस निरनिराळ्या रूपांनी आला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले, पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर जिंकले. ते आपले राज्यकर्त्याचे रूप. त्याच्या स्मृती या प्रदेशात सर्वच गोड आहेत असे नाही. पुढे आपण आलो ते शिक्षक, वकील, कारकून आणि रेल्वेचे नोकर म्हणून. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा, नंतर वाहन कारखाना. १९५६ मध्ये उच्च न्यायालय आले, २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. प्रत्येक संस्थेबरोबर मराठी कुटुंबांची एकेक लाट येत गेली. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, दिवाळी अंक यांच्या आधाराने आपण आपली भाषा जपली. मंडळाची पन्नास वर्षे ही त्याचीच साक्ष आहे.

परंतु एक प्रश्न या निमित्ताने मनात येतो. आपल्यातील किती घरांत अजूनही ‘आपण इथे नोकरीपुरते’ असे बोलले जाते? दोन पिढ्या येथे जन्मल्या, येथे वाढल्या, वडीलधाऱ्यांच्या अस्थी ग्वारीघाटावर नर्मदेत गेल्या, तरी घर म्हणजे पुणे, घर म्हणजे अमरावती. हे प्रेम मी समजू शकतो. माझ्याही मनात ते आहे. मात्र त्या प्रेमापायी पन्नास वर्षे आपण टेकाडावरच्या बंगल्यातल्यासारखे राहिलो, तर आपल्या मुलांना ना ते घर मिळेल, ना हे. राज्यकर्ते म्हणून आलेला मराठी माणूस गेला, नोकर म्हणून आलेलाही निवृत्त होऊन जातो. शेजारी म्हणून जो येतो तोच राहतो. अल्हणदेवी मेवाडला विसरली नाही. शिलालेखात तिने माहेरच्या कुळाची थोरवी सविस्तर गायिली आहे. पण मठ तिने नर्मदाकाठी बांधला.

याच विचाराने यात्रीनिवासाच्या सूचनेविषयी माझे म्हणणे आपणांपुढे ठेवतो. आपण परिक्रमेची परंपरा जाणता. शास्त्रोक्त परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. परिक्रमावासी नदी ओलांडीत नाही, पैसा बाळगीत नाही, आणि काठावरची गावे त्याला सदावर्त देतात, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा शिधा. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीपासून मराठी वाचकाला या वाटेची ओढ लागली आहे. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनीही ही नदी पायी अनुभवून तिच्यावर अप्रतिम पुस्तके लिहिली. हजार कोसांच्या आसपासची ही यात्रा शतकानुशतके चालते, ती लॉजच्या आधाराने नव्हे. ज्याच्या घरात उद्याचे पीठ आहे की नाही याची शंका असते, असा नावाडी आणि असा गोंड शेतकरी ‘नर्मदे हर’ म्हणून दार उघडतो, म्हणून ती चालते. आपल्या मराठी परिक्रमावासीयांना आजवर निवारा दिला तो याच वस्त्यांनी. हे ऋण आपल्या जमाखर्चात कोठेतरी लिहिले गेले पाहिजे.

म्हणून माझ्या सूचना अशा. पहिली, नवी जमीन घेऊन स्वतंत्र इमारत बांधण्याची घाई करू नये. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यामुळे नदीकाठच्या जागेची मागणी वाढणार, आणि घाटावरच्या लहान वस्त्यांवर दडपण येणार, हे उघड आहे. त्या दडपणात आपल्या मंडळाची भर पडू नये. घाटावर जुन्या धर्मशाळा आहेत. त्यांपैकी एखादीच्या विश्वस्तांशी करार करून दोन-चार खोल्यांची डागडुजी निधीतून करावी.

दुसरी, देखभालीचे, स्वयंपाकाचे आणि होडीचे काम घाटावरच्या कुटुंबांकडेच द्यावे आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांतही त्यांचे वेतन चालू ठेवावे. अल्हणदेवीने दोन गावांचे उत्पन्न तोडून दिले. आपल्याला निधीच्या व्याजातून चार माणसांचे चार महिने सहज भागविता येतील.

तिसरी, आपल्या ग्रंथालयाचा एक भाग तेथे न्यावा. तो केवळ मराठी पुस्तकांचा नको. नावाड्यांच्या आणि शिल्पकारांच्या मुलांना संध्याकाळी बसून अभ्यास करता येईल असा दिवा, टेबल आणि हिंदी पुस्तके तेथे असावीत. आपल्यात निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी दिली तर साडेआठशे वर्षांपूर्वीची व्याख्यानशाला पुन्हा सुरू झाली असे मी समजेन.

चौथी, आपल्या तरुण मंडळींनी नावाड्यांचे समालोचन, घाटांची आणि खडकांची नावे, बुडालेल्या गावांची नावे, तळ्यांच्या आठवणी हे सारे त्या त्या माणसांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करावे. ज्यांच्या दगडांची नोंद मिराशींनी केली, त्यांच्या शेजाऱ्यांची नोंद आपण करावी.

या सूचनांना खर्च इमारतीपेक्षा कमी येईल आणि कष्ट अधिक पडतील. कोनशिलेवर कोणाचे नाव येणार नाही, ही अडचण मी जाणतो. तथापि डाक बंगल्यांच्या कितीतरी नोंदवह्या मी चाळल्या आहेत. त्यांत साहेबांचे हुद्दे आणि जेवणाचे अभिप्राय सापडतात. भोवतालच्या गावाचे नाव क्वचितच सापडते. आपल्या मंडळाच्या शतकमहोत्सवी अंकात मात्र आपल्या नावांबरोबर पंचवटी घाटाची, ग्वारीघाटाची आणि राणीतालची माणसे यावीत, आणि त्यांतील काहींनी आपल्याविषयी दोन शब्द लिहावेत, अशी माझी इच्छा आहे.

कार्यकारिणीपुढे हा विषय येत्या बैठकीत येणार आहे. तेथे साधकबाधक चर्चा व्हावी. माझ्या म्हणण्याच्या उलट मत असणाऱ्यांनी ते निःसंकोच मांडावे.  नर्मदे हर!